तळमजल्याला आत घे

प्रिय छोट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. ताई आणि पत्र? कोण गेलं? कोणी गेलेलं नाही, आधी खाली बस. कुरियरवाल्याने मंगळवारी दुपारपर्यंत पोचेल असं छातीठोक सांगितलंय, म्हणजे तुझ्या हातात एक अख्खा दिवस आहे. आल्या आल्या वाच. जेवून बघू म्हणून टेबलावर टाकू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. येत्या गुरुवारी सकाळी बाबांचं ऑपरेशन आहे. घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढणार आहेत. बाबा त्यातून नीट बाहेर येतील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जेवतील, हिंडतील, माझ्याशी भांडतीलसुद्धा, पण कागदावर. आवाज मात्र जाणार. पुढे कधीतरी गळ्याला यंत्र लावून बोलता येईल म्हणे, पण तो आवाज यंत्राचा. त्याआधी त्यांना तुझ्याशी एकदा बोलायचंय, स्वतःच्या आवाजात. आणि त्यासाठी हा माणूस गेले तीन आठवडे सगळं सोडून काय करतोय, सांगू? गेमिंगसाठी घरी कुठलं इंटरनेट घ्यावं ते शोधतोय.

हसू नकोस. मी हसले होते, आणि नंतर मोरीत जाऊन रडले होते. यातलं काहीही तुला कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. दया येऊन आलेला मुलगा मला नको, म्हणाले, यायचा तर तसाच येऊ दे. मी मान हलवली. आता मान हलवली म्हणजे शब्द दिला का, यावर मी दोन दिवस स्वतःशीच हुज्जत घातली आणि शेवटी कागद घेऊन बसले. फोन का नाही केलास, विचारशील. केला असता तर तू 'हं ताई, कामात आहे' म्हणून ठेवला असतास, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखंच वाटलं असतं. मेसेज अकरा वेळा लिहिला आणि अकरा वेळा पुसला. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते.

सुरुवात वर्षभरापूर्वीची. आवाज बसलाय, म्हणायचे. चाळीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस आणि धूळ खाल्ली, बसणार नाही तर काय. तुला आठवतोय ना त्यांचा आवाज? तळातून 'ए, सोड!' म्हणून ओरडले की दहाव्या मजल्यावरचा मदतनीस ब्रेक सोडायचा, मध्ये फोन नाही की काही नाही. आपल्याला खेळताना खिडकीतून हाक मारली की समोरच्या बिल्डिंगमधली पोरंही घाबरून घरी पळायची. तोच आवाज आता शिट्टी नीट न बसलेल्या कुकरसारखा फुसफुसतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, दिवसातून दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही, नाहीतर घसा सुजेल आणि आहे तोही आवाज ऑपरेशनच्या आधीच जाईल. त्यामुळे आमच्याकडे सध्या शब्दांचं रेशन चालू आहे. चहा हवा असला तर कपावर चमचा वाजवतात, नको असला तर दोनदा वाजवतात. माझं डोकं फिरायची पाळी आलीये.

तू घर सोडलंस तो दिवस उगाळायचा नाही असं ठरवलं होतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तुझ्या त्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना होता, तुझा संघ जिंकत आला होता आणि ऐन मोक्याला तुझी लाइन गेली. तू खोलीतून बाहेर आलास तर पॅसेजमध्ये इंटरनेटच्या डब्यापाशी बाबा उभे, तुझी वायर त्यांच्या हातात. 'एक दिवस ही वायरच उपटून फेकतो' हा त्यांचा जप वर्षभर चालूच होता. तू विचारलंस, तुम्ही काढली? ते म्हणाले, हो, मीच. दिवे लागायच्या आत तुझी बॅग भरून झाली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो डबाच कंपनीला परत करून टाकला आणि तेव्हापासून या घरात इंटरनेट नव्हतं. तीन वर्षं झाली. त्यांचा फोन तू उचलत नाहीस, माझा उचलतोस आणि ठेवतोस.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही. दर बुधवारी सहा ते सात तू तुझ्या त्या जळत्या शहराच्या खेळात नवख्यांना शिकवायला दार उघडं ठेवतोस आणि तो तास कोणालाही बघता येतो, हे मला पहिल्याच वर्षी सापडलं. तेव्हापासून दर बुधवारी मी फोन डब्याला टेकवून ठेवते आणि भाजी चिरायला घेते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कोण जळतंय, कोण वाचवतंय, कोण छपरावर चढून बसलंय, काही पत्ता लागत नाही. तुझा आवाज ऐकायचा, बस. बाबा माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. दोन वर्षांत त्या एका तासात त्यांनी पेपरचं पान एकदाही उलटलं नाही, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

तपासणीचा कागद हातात आला त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? नवखा म्हणजे त्याला वयाची काही अट आहे का? मी म्हटलं, कसला नवखा? तर माझ्या फोनकडे बोट दाखवलं. मग माझा जुना लॅपटॉप काढला, कानाला लावायचं ते मोठं यंत्र आणलं आणि रोज सकाळी, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या सरावाच्या भागात, शिकायला बसायला लागले. डावा हात चालायला, उजवा बघायला. पहिले चार दिवस नुसते भिंतीला धडकत होते. पाचव्या दिवशी जिना चढले तर मला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत आणलं, बघ म्हणून. खेळात नाव घ्यावं लागतं, तर घेतलं 'तळमजला'. म्हटलं, अहो बाबा, लोक तिथे वाघ-सिंह नावं घेतात, काहीतरी दमदार घ्या. तर म्हणाले, लिफ्ट तिथूनच सुटते.

पहिल्या बुधवारी माझ्याच फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. तू त्यांना आत घेतलंस. लांबून नुसतं नाव वाचून 'या या, तळमजला' म्हणालास. मी दारात उभी होते. बाबांनी तोंड उघडलं. तुमच्याकडे नीट काय पोचलं देव जाणे, मला ऐकू आलं ते असं: खरखर, मग 'बा', मग पाच सेकंद काहीच नाही, मग चार शब्द एकावर एक. त्यांचा माणूस एकाच जागी गोठलेला, आणि मग एकदम रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. तुझी मंडळी कावायला लागली, याच्यामुळे आपण मरतोय, काढा याला. आणि तू हसत म्हणालास, 'आजोबा, आधी नेट बदला, मग या.' आणि काढलंस बाहेर. मी मूर्ख त्याच फोनवर तुझा कार्यक्रमही बघत होते, म्हणजे होती नव्हती ती लाइन मीच खाल्ली, हे अक्कल ठिकाणावर आल्यावर कळलं.

मला वाटलं, संपलं. पोटच्या पोराने आवाज ओळखला नाही, वर आजोबा म्हणाला. आता हा माणूस अंथरूण धरणार. पण बाबा कानावरचं काढून माझ्याकडे वळले तर चेहरा असा, की जणू लॉटरी लागलीये. तो बोलला माझ्याशी, म्हणाले. काय म्हणाला ऐकलंस ना? मग या. 'मग या' म्हणाला तो. छोट्या, त्या क्षणापासून त्यांनी तुझं ते वाक्य हुकूम म्हणून घेतलंय. तू थट्टेत बोललास, मला माहीत आहे. ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेट बदलायला निघाले.

आता ऐक त्यांच्या तऱ्हा. लिफ्टच्या सर्व्हिसिंगची ती लांबोडकी वही आठवते? तीच काढली. तारीख, वेळ, नोंद, सही. पहिला आला गच्चीवर तबकडी बसवून हवेतून इंटरनेट देणारा. गळ्यात टाय, तोंडात साखर. शंभरचा स्पीड देतो काका, पिक्चर दोन मिनिटांत उतरेल. बाबांनी त्याला बसवलं आणि फुसफुसत विचारलं, आमच्या दहा मजली बिल्डिंगची लिफ्ट किती वेगाने वर जाते, सांग. त्याने आपलं माहितीपत्रक चाळायला घेतलं. कोणाला माहीत नसतं, कोणी विचारत नाही, म्हणाले. माणूस चिडतो कशाला? बटण दाबल्यावर ती हलायला किती वेळ लावते त्याला. मला तुझा वेग नको, बटण दाबल्यापासून हलेपर्यंतचा वेळ सांग. तो म्हणाला, म्हणजे पिंग का काका? हां, म्हणाले, पिंग. हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात मुक्कामाला आला. हजार भागांत एक सेकंद वाटायचा आणि त्यातले किती भाग जातात ते मोजायचं. तबकडीचे दुपारी चाळीस यायचे. संध्याकाळी सहाला, सगळं गाव घरी आलं की, कधी साठ, कधी एकशेऐंशी. टायवाला सांगत राहिला, सरासरी चांगली आहे. बाबा म्हणाले, लिफ्ट एकदा मजल्याच्या वर थांबली आणि एकदा खाली, तर सरासरीने दार बरोबर उघडतं, पण माणूस अडखळून पडतोच. त्या बुधवारी ते तुझ्या दारापर्यंत आले आणि तिथेच गोठून राहिले. आत घेतलं गेलंच नाही.

दुसरी गंमत टीव्हीच्या केबलवाल्याची. त्याची वायर सगळ्या बिल्डिंगमध्ये एकच, खालपासून वरपर्यंत, म्हणजे ऑफिस सुटायच्या वेळची लिफ्ट. त्याच्या चौकशीसाठी बाबांनी फोन लावला आणि मी कामावरून येऊन बघते तर कंपनीच्या बाईशी अर्धा तास बोलून घसा बसलेला. तिने त्यांना सात वेळा विचारलं होतं, डबा बंद करून चालू केलात का? मी फोन हिसकावला आणि त्यांच्यावर ओरडले. दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे रोजची, ती या बाईवर उधळताय? शेवटच्या दिवसाला काय उरेल? ओरडून झाल्यावर कळलं, मी काय बोलून बसले ते. बाबांनी वहीत लिहिलं, 'बाई चांगली होती.' आणि त्याखाली सही केली. मग तीन दिवस ते एक अक्षर बोलले नाहीत, आवाज परत यावा म्हणून. केबलची लाइन लागली, पण गेल्या बुधवारी सहाला पाच मिनिटं असताना सगळ्या बिल्डिंगचीच गेली. सात वाजून गेल्यावर आली. तीन बुधवार होते, तिन्ही गेले. आता एकच उरलाय.

राहिली काचेची तार, फायबर. ती समोरच्या चौकातल्या डब्यापर्यंत आलीये, आमच्या बिल्डिंगमध्ये नाही. कंपनी म्हणाली, पुढच्या शनिवारी देऊ. पुढचा शनिवार म्हणजे ऑपरेशनच्या दोन दिवसांनंतर. आगीतून फुफाट्यात. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, एक आठवडा पुढे ढकलता येईल का विचारायला, तर त्यांनी कागदावरच्या गुरुवारच्या तारखेखाली पेनाने रेघ मारली. परत आले. आमच्या भागाची पाहणी करायला कंपनीची वायरवाली आली, माझ्याच वयाची, खांद्यावर शिडी, दोन्ही कोपरांना खरचटलेलं. बाबांनी तिला पाणी दिलं आणि एका कागदावर लिहून दाखवलं: गुरुवारी माझा आवाज जाणार. बुधवारी सहाला मुलाशी बोलायचंय. तो इथेच भेटतो. तिने तो कागद वाचला, लॅपटॉपकडे बघितलं, परत वाचला. कुठला खेळ, विचारलं. मग तिथेच मांडी घालून बसली आणि तुमच्या त्या खेळाचा मुख्य संगणक कुठे आहे, तिथपर्यंत कोणाची वाट जवळची, हे तिच्या यंत्रावर काढून दाखवलं. असं कोणी दाखवतं का रे? आणि काल, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तीच शिडी घेऊन हजर.

सकाळी आठ ते दुपारी तीन. बाबा आणि ती. मला दोघांनी स्वयंपाकघरात हाकललं. तिला वाटलं तार लिफ्टच्या पोकळीतून सरळ वर नेता येईल, तर बाबा तिच्या आणि दाराच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. लिफ्टच्या पोकळीत परकी वायर? माझ्या मढ्यावरून ने! एवढं बोलण्यात त्यांची बरीच मिनिटं खर्ची पडली. मग शेजारच्या पाइपांच्या मार्गातून नेली, ती जागा त्यांना डोळे मिटून माहीत. कोपऱ्यावर बाबांनी सवयीने वायर काटकोनात दाबायला घेतली आणि तिने त्यांच्या हातावर चक्क चापट मारली. काच आहे काका, तुटेल! चाळीस वर्षांत त्यांच्या हातावर कोणी चापट मारली नसेल. खूश झाले. शेवटी डबा त्यांच्या खोलीत टेबलावरच बसवला आणि तिथून लॅपटॉपला वायरच, भिंतीपलीकडून हवेतून काही नको. संध्याकाळी सहाला मोजलं. चौदा. पाच मिनिटांनी चौदा. मग पंधरा, मग परत चौदा. सात वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. बाबांनी वहीत लिहिलं, सही केली आणि ती वही बंद केली.

हॉस्पिटलवाले म्हणत होते, बुधवारी पाचलाच भरती व्हा. मी तिथल्या टेबलवरच्या बाईंशी भांडून आठ मिळवलेत, दुपारी जेवणानंतर काही खाऊ देणार नाही या अटीवर. म्हणजे सहाला बाबा घरी असतील, सातपर्यंत. लाइन पक्की आहे, वेळ पक्की आहे, बुधवारी पाच-दहा मिनिटं पुरेल इतका आवाज आहे, कारण आजपासून ते पूर्ण मौनात आहेत. सगळं जमून आलंय. मग ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटत असेल. इथपर्यंत मी नमनालाच घडाभर तेल घातलं. खरं सांगायचं ते अजून तसंच आहे.

आज सकाळी मी धुतलेले टॉवेल ठेवायला त्यांच्या खोलीकडे गेले. मौन म्हणतात आणि आत कुजबुज. लॅपटॉप बंद, कानाला ते यंत्र लावलेलं, समोर घड्याळ. बुधवारी काय बोलायचं त्याचा सराव चालला होता, ओठांच्या ओठांत, घशाला ताण न देता. चारदा म्हटलं, चारही वेळा तेच. 'बारक्या, बाबा बोलतोय. त्या दिवशी मी तुझी वायर काढायला नको होती. माझं चुकलं. मला माफ कर.' मी टॉवेल तिथेच खाली ठेवले आणि परत आले.

छोट्या, ती वायर त्यांनी काढलीच नव्हती. मी काढली. त्या दिवशी माझा इंटरव्ह्यू होता, चष्म्याच्या काचांच्या कारखान्यातला, आता जिथे आहे तिथलाच. स्क्रीनवर समोर तिघं आणि माझं चित्र सारखं अडकतंय. ऐकू येतंय ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मला वाटलं, हा नेहमीसारखा खेळत बसलाय. तुझा महत्त्वाचा सामना आहे हे तू घरात कोणाला सांगितलं नव्हतंस, आणि सांगितलं असतंस तर आम्ही टिंगलच केली असती, तेही खरं. एक मिनिट म्हणून उठले, डब्यातून तुझी वायर उपटली, आत येऊन दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी परत लावू, एवढाच विचार. तेवढ्यात बाबा बाहेरून आले. दुसरा कोणी असता तर लोंबकळणारी वायर बघून खुपसली असती परत, अर्ध्या मिनिटात तू खेळात असतास. पण हे पडले लिफ्टवाले. मेन स्विच ज्याने पाडला त्यानेच उचलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, आत खड्ड्यात माणूस असतो. घरात गीझर बंद दिसला तरी आधी सगळ्यांना विचारून मग चालू करणारा माणूस. वायर हातात धरून ते विचारायला तोंड उघडणार, तोच तू बाहेर आलास. त्यांनी माझ्या बंद दाराकडे बघितलं. मी आत सांगत होते, हो सर, एक तारखेपासून येऊ शकते. आणि ते तुला म्हणाले, हो, मीच. मी दाराच्या आतून ऐकलं, छोट्या. नीट ऐकलं. आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

तू गेल्यावर मी त्यांना म्हटलं, फोन करून खरं सांगते. नको म्हणाले, तुमचं दोघांचं तरी राहू दे, मी वर्षभर धमक्या देतच होतो, माझ्या नावावर शोभतं, चार दिवसांत येईल. तू आला नाहीस. पहिल्या महिन्यात सांगायला भीती वाटली, नंतर लाज, आणि नंतर, खोटं कशाला बोलू, सवय झाली. नोकरी होती, तुझे दोन शब्द फोनवर मिळत होते, बुधवारी आवाज ऐकू येत होता. किंमत सगळी बाबा मोजत होते आणि मी गप्प बसून ती मोजू देत होते.

म्हणून ऐक. बुधवारी सहाला 'तळमजला' हे नाव दिसलं की त्यांना आत घे. 'बारक्या, बाबा बोलतोय' एवढं बोलू दे, ते खरं आहे. पण त्याच्या पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत अडव त्यांना. सांग, ताईने सगळं लिहिलंय, मला माहीत आहे. खोटं बोलणं त्या माणसाला कधी जमलं नाही, माझ्यासाठी एकदाच बोलला, आणि आता जन्मातला शेवटचा आवाज तो त्याच खोट्याची माफी मागण्यात घालवणार आहे. तेवढं होऊ देऊ नकोस, तुझ्या पाया पडते. त्यानंतर त्यांना हवं ते बोलू दे. जिना कसा चढायला शिकले ते सांगतील, वायरवालीने चापट मारली ते सांगतील, तू जेवतोस का नीट, ते विचारतील. काहीही असो, ऐक आणि उत्तर दे. माझ्यावर चिडायला, माझं तोंड बघायचं नाही म्हणायला, इथे येऊन चार शिव्या घालायला तुला गुरुवारपासून उभा जन्म पडलाय, मी कुठे पळून जात नाही. बुधवारी मात्र तो तास त्यांचा आहे.

तुझीच, अजूनही म्हणू दिलंस तर,
ताई